‘द साउंड ऑफ म्युझिक’ 2013 मध्ये नव्या नटसंचात टीव्हीवर सादर झाले, तेव्हा ते इतके कोरडे का वाटले?

तुम्ही लिहिता की ज्युली अँड्र्यूजचा 1965 चा चित्रपट तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात, 2013 चे टीव्हीवरील थेट सादरीकरण नुकतेच तुमच्या पाहण्यात आले, मठातून कॅप्टनच्या मुलांना सांभाळायला येणाऱ्या मारियाच्या भूमिकेत कॅरी अंडरवूडला पाहून मन रमले नाही, गाण्यांच्या जागाही कोणीतरी उगाच बदलल्यासारख्या वाटल्या. आणि म्हणून अशा अभिजात कृती नव्या नटसंचात पुन्हा कराव्यातच कशाला, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते यात नव्या नटसंचाचा दोष फार थोडा होता. तो प्रयोग फसला तो मुख्यतः समोर प्रेक्षक नसल्यामुळे.

आधी गाण्यांच्या जागांविषयी, कारण तेथे तुमचा गैरसमज झाला आहे. त्या संध्याकाळी एनबीसी वाहिनीने चित्रपटाची नवी आवृत्ती केलेली नव्हती. तिने 1959 चे मूळ नाटक उभे केले होते. रिचर्ड रॉजर्स यांचे संगीत, ऑस्कर हॅमरस्टाइन यांची पदे आणि मेरी मार्टिन मारियाच्या भूमिकेत, असा तो ब्रॉडवेवरचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरचा, मूळ प्रयोग 16 नोव्हेंबर 1959 रोजी सुरू झाला आणि त्याचे 1,443 प्रयोग झाले. त्या नाटकात ‘माय फेवरेट थिंग्ज’ हे पद मठातच, मारिया आणि मठाच्या मुख्य माताजी यांच्यात येते, आणि वादळाच्या रात्री घाबरलेल्या मुलांसाठी मारिया ‘द लोनली गोटहर्ड’ गाते. चित्रपटाने पहिले पद वादळाच्या प्रसंगात नेले आणि दुसऱ्यासाठी बाहुल्यांचा खेळ रचला. तेव्हा जागा बदलल्या त्या 1965 मध्ये. 2013 मध्ये त्या मूळ ठिकाणी परत आल्या. मात्र निर्मात्यांनी नाटकाशी पूर्ण निष्ठा राखली असेही नाही, कारण मारिया आणि कॅप्टन यांच्या प्रेमप्रसंगातले मूळ पद बाजूला ठेवून त्यांनी चित्रपटासाठी रॉजर्स यांनी नव्याने लिहिलेले ‘समथिंग गुड’ घेतले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते पद खरोखरच अधिक चांगले आहे.

नाटकाकडे परत गेल्यामुळे आणखी एक मोठा लाभ झाला. चित्रपटातून वगळलेली दोन पदे, ‘हाऊ कॅन लव्ह सर्व्हाइव्ह’ आणि ‘नो वे टू स्टॉप इट’, पुन्हा ऐकायला मिळाली. दुसऱ्या पदात कॅप्टनची नियोजित वधू एल्सा आणि त्यांचा मित्र मॅक्स कॅप्टनला समजावतात की नाझी येणारच आहेत, आपण मान तुकवावी, आपले आपण पाहावे. कॅप्टनला ते पटत नाही आणि याच मतभेदावरून त्याचे एल्साशी ठरलेले लग्न मोडते. चित्रपटात हे लग्न मोडण्याचे कारण केवळ मारियावरचे प्रेम एवढेच उरते. नाटकात ते राजकारणाशी जोडलेले आहे आणि त्यामुळे एल्सा ही नुसती मत्सरी श्रीमंत बाई न राहता एका संपूर्ण वर्गाच्या सोयीस्कर वृत्तीची प्रतिनिधी होते. एवढ्या एका प्रसंगासाठीसुद्धा नाटक पुन्हा करणे मला योग्य वाटते.

आता नटसंचाविषयी. कॅरी अंडरवूड ‘अमेरिकन आयडॉल’ या टीव्हीवरील गायनस्पर्धेची 2005 ची विजेती, कंट्री संगीतातली मोठी गायिका. नाटकाचा अनुभव जवळजवळ नाही. तिची पदे स्वच्छ आणि सुरेल झाली, पण गद्य आले की ती अवघडलेली दिसत होती, हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. कॅप्टन झालेला स्टीव्हन मॉयर हा मालिकांमधला नट. तोही जरा ताठरच वाटला. परंतु त्यांच्या भोवती कोण होते ते पाहा. मठाच्या माताजी झालेल्या ऑड्रा मॅकडॉनल्ड यांच्याकडे तेव्हा ब्रॉडवेच्या नाटकांसाठी दिले जाणारे पाच टोनी पुरस्कार होते. एल्सा झालेली लॉरा बेनांटी आणि मॅक्स झालेला ख्रिश्चन बोर्ल हेही टोनी विजेतेच. म्हणजे नाव टीव्हीच्या प्रेक्षकांसाठी आणि कसब रंगभूमीचे, अशी ती वाटणी होती. आपल्याकडेही गवई नटाच्या नावावर तिकिटे खपत आणि गद्याचा भार इतर पात्रे उचलत, हे संगीत नाटकांच्या प्रेक्षकाला सांगायला नको. सुमारे 1 कोटी 85 लाख लोकांनी तो कार्यक्रम पाहिला, तो बहुतांशी अंडरवूडच्या नावामुळे आणि आपल्या आवडत्या चित्रपटाच्या आठवणीमुळे. त्यामुळे तिची निवड करणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही.

मग तरीही मन का रमले नाही? पुण्यात हौशी संगीत नाटकांना मी बरीच वर्षे ऑर्गनची साथ केली आहे, आणि 5 डिसेंबर 2013 च्या त्या गुरुवारी मी न्यू जर्सीत मुलीकडे होतो, तेव्हा हा प्रयोग घडत असतानाच पाहिला. पहिलेच मोठे पद संपले आणि माझे हात नकळत मांडीवर सूर धरल्यासारखे थांबले. याचे कारण सांगतो. पदाची शेवटची तान समेवर आली की टाळ्या पडतात. त्या ओसरेपर्यंत नट आपली जागा सोडत नाही, पुढचे वाक्य उचलत नाही, आणि ऑर्गनवाला खाली सूर धरून ठेवतो. ‘वन्स मोअर’ आला तर पद पुन्हा उचलायचे. नाही आला तर टाळ्यांच्या उतारावर नट श्वास घेतो आणि गाण्याच्या पट्टीतून बोलण्याच्या पट्टीत उतरतो. गाणाऱ्या माणसाला पुन्हा बोलणारा माणूस व्हायला जो अवधी लागतो, तो टाळ्यांनी मिळवून दिलेला असतो. ब्रॉडवेच्या नाटकांची बांधणी याहून वेगळी नाही. तेथे पदाच्या शेवटी वाद्यवृंदाचा एक ठाशीव ठोका आणि नटाची एक ठरलेली मुद्रा असते, तिला ते लोक ‘बटन’ म्हणतात, आणि ती टाळी घेण्यासाठीच रचलेली असते.

2013 चा प्रयोग लाँग आयलंडवरील बेथपेज येथे, जेथे अपोलो मोहिमांची चांद्रयाने बांधली गेली त्या ग्रुमन कंपनीच्या जुन्या आवारातल्या स्टुडिओत झाला. नेपथ्य देखणे होते, कॅमेरे एका दृश्यातून दुसऱ्यात सफाईने सरकत होते, पण प्रेक्षक एकही नव्हता. ऑड्रा मॅकडॉनल्ड यांनी ‘क्लाइम्ब एव्हरी माउंटन’ असे गायले की नाट्यगृह असते तर लोक उभे राहिले असते, आणि त्यानंतर आली शांतता, आणि शांततेनंतर जाहिरात. ज्या नटांची रंगभूमीवर हयात गेली होती त्यांनी ही पोकळी कशीबशी पेलली. जिला गद्याचा सराव नव्हता तिच्या प्रत्येक वाक्यात ती दिसली. शिवाय कॅमेरा चेहऱ्याच्या इतका जवळ होता की नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा अभिनय मोठा वाटावा आणि चित्रपटातला अभिनय अपुरा वाटावा. नटाने नक्की कोणासाठी बोलायचे, याचे उत्तर त्या स्टुडिओत कोणाकडेच नसावे असे मला पाहताना सतत वाटत होते.

असे प्रयोग टीव्हीला नवे नव्हते. 7 मार्च 1955 रोजी मेरी मार्टिनचे ‘पीटर पॅन’ एनबीसीवरच थेट प्रक्षेपित झाले होते आणि अंदाजे साडेसहा कोटी लोकांनी ते पाहिले, असे तेव्हा सांगितले गेले. पण ती मंडळी ब्रॉडवेवरचा प्रयोग नुकताच संपवून आली होती; टाळ्यांच्या जागा त्यांच्या अंगात मुरलेल्या होत्या. 2014 मध्ये तेच नाटक नव्या नटसंचात झाले. त्यात पीटर मरणोन्मुख परीला वाचवण्यासाठी प्रेक्षकांना टाळ्या वाजवण्याची विनवणी करतो. नाट्यगृहात त्या क्षणी पोरे हात लाल होईपर्यंत टाळ्या पिटतात. येथे विनवणी एका कॅमेऱ्यापुढे झाली, आणि मला तर जरा करुणच वाटली.

ही चूक पुढे सुधारली गेली, म्हणूनच सरसकट ‘करू नये’ असे मी म्हणत नाही. 31 जानेवारी 2016 रोजी फॉक्स वाहिनीने ‘ग्रीस’ हे संगीत नाटक केले, तेव्हा दिग्दर्शक टॉमस केल यांनी बरबँकच्या स्टुडिओत जागोजागी प्रेक्षक बसवले आणि त्यांना कॅमेऱ्यापासून लपवलेही नाही. त्या दिवशी नेमका पाऊस होता, तर छत्र्याच नाचात आल्या. नटसंच नवा, 1972 च्या नाटकाबरोबर 1978 च्या चित्रपटातली गाणीही मिसळलेली, म्हणजे शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याने नाक मुरडावे असेच सारे. तरी तो प्रयोग जिवंत होता. 2018 च्या ईस्टरला ब्रुकलिनमधल्या जुन्या लष्करी इमारतीत गायक जॉन लेजंडला घेऊन ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ झाले, तेही भरगच्च प्रेक्षकांसमोर. त्या कृतीला एक जन्मजात सोय आहे: ती आरंभापासून शेवटपर्यंत गायलीच जाते, त्यामुळे गाण्यातून गद्यात उतरण्याचा जो अवघड जिना अंडरवूडला चढ-उतार करावा लागला, तो लेजंडच्या वाट्याला आलाच नाही. लोकप्रिय गायकाला प्रमुख भूमिका द्यायचीच असेल, तर अशी कृती निवडणे शहाणपणाचे.

तुमच्याकडे 2013 च्या प्रयोगाचे चित्रमुद्रण असेल, तर मारियाला वगळून एकदा फक्त एल्साचे प्रवेश पाहा. लॉरा बेनांटी विशीत पोहोचण्यापूर्वीच, 1998 मध्ये सुरू झालेल्या ब्रॉडवेच्या पुनरुज्जीवित प्रयोगात, त्यातल्या पहिल्या अभिनेत्रीनंतर स्वतः मारिया झाली होती. ते नाटक तिने आतून ओळखलेले आहे. ‘नो वे टू स्टॉप इट’ संपल्यावर ती अगदी थोडी थांबते, जणू समोर कोणी टाळ्या वाजवत आहे, आणि मग पुढचे वाक्य उचलते. आमच्या ऑर्गनवाल्याला तेवढे पुरले असते.