नव्या टायरचं बॅलन्सिंग जमत नसेल तर आधी चाकाचं केंद्र तपासा

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅलॉय रिम जुनेच आहेत, चारही टायर नवे घातले, दोनदा बॅलन्सिंग (रिमवर छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं) झालं, दोन्ही वेळा मशीनवर शून्य, म्हणजे आणखी वजन नको असं आलं, तरी ताशी ९० किमीच्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. मग दोष टायरचा की रिमचा, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते टायर किंवा रिम बदलायच्या आधी तिसरी शक्यता तपासायला हवी. चाक मशीनवर बरोबर मध्यावर बसलेलंच नसेल.

हे मी माझ्या गाडीवर शिकलो. नवे टायर, तीन चकरा आणि दर वेळी तेच शून्य. दुसऱ्या चकरेनंतर एका रिमवर वजनाच्या ८५ ग्रॅम चिकट पट्ट्या जमल्या होत्या आणि थरथर होती तशीच होती. तिसऱ्या वेळी मी कारागिराला एकच विनंती केली. शून्य आलं की मशीनचा मोठा नट सैल करा, चाक शाफ्टवर अर्धा फेरा वळवा, पुन्हा आवळा आणि पुन्हा फिरवून बघा. बाकी कशाला हात लावू नका. मघाशी शून्य दाखवणारं तेच चाक आता ३५ ग्रॅम मागायला लागलं.

मशीन चाकाचा तोल स्वतःच्या शाफ्टभोवती मोजतं. गाडीत मात्र ते चाक हबभोवती, म्हणजे चाक ज्यावर बसवतात त्या गाडीच्या फिरत्या भागाभोवती, फिरतं. मशीनवर चाक किंचित सरकून बसलं असेल तर मशीन त्या चुकीच्या केंद्राभोवती चोख तोल साधून देतं, आणि गाडीवर चाक खऱ्या केंद्रावर बसलं की तीच वजनं जास्तीची ठरतात. टायरसकट चाकाचं वजन १८ किलो धरा आणि ते फक्त ०.१ मिमी सरकलंय असं समजा. रिमची त्रिज्या २०० मिमी असेल तर तेवढ्यानेच ९ ग्रॅमचा फरक पडतो. अर्धा फेरा वळवल्यावर सरकलेपणाची दिशा उलटते, म्हणून मशीनवर त्याच्या दुप्पट, १८ ग्रॅम दिसतात. पाच-सात ग्रॅमचा फरक मी सोडून देईन. त्याहून जास्त आला तर एकही पट्टी न चिकटवता आधी चाक नीट बसवून घ्या.

माझ्या चाकांच्या बाबतीत चूक शंकूची होती. चाकाच्या मधल्या भोकात जो शंकू घालून चाक धरतात, तो दर्शनी बाजूने, म्हणजे झाकण बसतं त्या बाजूने घातला होता. अ‍ॅलॉयचं भोक काटेकोर मापाचं असतं ते आतल्या बाजूला, जिथे ते हबवर बसतं. झाकणाची कड तितकी अचूक असेलच असं नाही, शिवाय तिथे रंगाचा थर असतो. शंकू आतून, मशीनच्या शाफ्टवरच्या स्प्रिंगच्या बाजूने घातला आणि बाहेरून नुसत्या दाबाच्या वाटीने आवळलं, तेव्हा अर्ध्या फेऱ्याचा फरक ५ ग्रॅमवर आला. शंकूवर खाच पडलेली असेल किंवा चाकाच्या टेकणाऱ्या पृष्ठभागावर गंज आणि चिखल असेल तरीही हाच घोळ होतो. तारेच्या ब्रशने तो भाग घासायला दोन मिनिटं लागतात.

तुमचे अ‍ॅलॉय गाडीबरोबर आलेले आहेत की नंतर घेतलेले, हे तुम्ही लिहिलं नाही. नंतर घेतलेले असतील तर त्यांचं मधलं भोक बहुतेक वेळा मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना चालतो. उदाहरणार्थ हब ५४.१ मिमीचा आणि भोक ७३.१ मिमीचं. मधली जागा भरायला प्लॅस्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची कडी येते. टायर बदलताना ती पडते, फुटते, कधी हबलाच चिकटून राहते. कडी नसली तर चाक मध्यावर आणायचं सगळं काम नटांवर येतं. अशा वेळी चाक जॅकवर अधांतरी असतानाच नट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळायला हवेत. जमिनीवर टेकवून एकाच नटाला एअर गन लावली की चाक एका बाजूला ओढलं जातं.

एवढ्याशा वजनाने गाडी हलते कशी, असं वाटेल. ताशी १०० किमीला साधारण मापाचं चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरतं. रिमच्या कडेवर २० ग्रॅम जास्त असतील तर प्रत्येक फेरीत तीन किलोहून थोडा जास्त ओढा बसतो. वेग दुप्पट झाला की हा ओढा चौपट होतो. म्हणून शहरातल्या वेगाला काहीच जाणवत नाही.

अ‍ॅलॉयची आणखी एक अडचण म्हणजे चिकट पट्ट्या. पत्र्याच्या रिमला दोन्ही कडांवर वजनाचे क्लिप ठोकता येतात. अ‍ॅलॉयवर दर्शनी कड खराब होऊ नये म्हणून दोन्ही पट्ट्या रिमच्या आत लावतात, एक आतल्या कडेजवळ आणि दुसरी स्पोकच्या मागे. दोघींमधलं अंतर कमी असल्यामुळे चाकाची डावी-उजवी डगमग थांबवायला वजन जास्त लागतं आणि जागा जराशी चुकली तरी तोल बिघडतो. मशीनमध्ये अंतर आणि व्यास टाकताना जिथे पट्टी खरोखर चिकटणार आहे तिथलीच मापं द्यायला हवीत. कारागीर फक्त स्टॅटिक मोडवर एकच पट्टी मधोमध लावत असेल तर त्याला थांबवा. त्याने वर-खाली उडणं थांबेल, डगमग राहील. आणि नवी पट्टी लावण्याआधी सगळ्या जुन्या पट्ट्या, त्यांचा गोंद आणि आतला वाळलेला चिखल काढून टाकायचा. जुन्या पट्टीवर नवी पट्टी चढवणं मला अजिबात पटत नाही.

केंद्र बरोबर आहे, पट्ट्याही बरोबर आहेत, तरी एखादं चाक ७०-८० ग्रॅम मागतंय, तेव्हा टायर आणि रिम वेगळे तपासायचे. व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने खूण करा आणि मशीन वजन कुठे मागतंय ते लिहून ठेवा. मग हवा काढून टायर रिमवर अर्धा फेरा सरकवा आणि परत मोजा. वजनाची जागा खुणेबरोबर सरकली तर जडपणा टायरमध्ये आहे, व्हॉल्व्हच्या हिशेबाने तिथेच राहिली तर रिममध्ये. पुष्कळदा दोघांचे जड भाग एकाच बाजूला आलेले असतात आणि ते समोरासमोर केले की वजन आपोआप कमी होतं. माझ्या ८५ ग्रॅमच्या चाकाला शेवटी ३० पुरले. टायरवर पिवळा ठिपका असेल तर सहसा तो हलका भाग असतो आणि तो व्हॉल्व्हशी जुळवतात.

एक दोष मात्र कुठलीही पट्टी झाकू शकत नाही. चाक गोलच नसेल तर तोल साधूनही ते उड्या मारणार. रिमच्या आतल्या कडेजवळ स्क्रू-ड्रायव्हरचं टोक स्थिर धरा आणि चाक हळूहळू हाताने फिरवा. मधली फट मिलिमीटरभर कमीजास्त होत असेल तर रिम वाकलेला आहे. खड्ड्याचा मार आतल्या कडेला बसतो आणि तो बाहेरून दिसत नाही. हेच टायरच्या पृष्ठभागावर करा. तिथे उडी दिसली तर टायरच्या बाजूवर रिमला लागून असलेली बारीक रेघ सगळीकडून सारख्या अंतरावर आहे का ते बघा. एका जागी ती आत गेली असेल तर टायरची कड पुरती बसलेली नाही. हवा काढून, कडेला साबणाचं पाणी किंवा पेस्ट लावून पुन्हा भरली की बहुतेकदा ती बसते.

कंप स्टेअरिंगऐवजी सीटमध्ये येत असेल तर मागच्या चाकांपासून सुरुवात करा. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर टायर सोडा आणि ब्रेक डिस्क बघा.

सगळं नीट झालं की व्हॉल्व्हच्या समोर टायरवर आणि रिमवर मिळून एक रेषा ओढून ठेवा. कड बसवताना लावलेली पेस्ट वाळेपर्यंत जोरात ब्रेक मारला किंवा एकदम वेग घेतला तर टायर रिमवर घसरू शकतो. चार-पाच दिवसांनी रेषा तुटलेली दिसली तर तेवढंच चाक पुन्हा बॅलन्स करून घ्या. आणि तो अर्ध्या फेऱ्याचा आकडा किती आला ते इथे लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.