‘अभ्यासच नव्हता केला’ म्हणायची सोय

प्रश्न: ताई, मी पारोळा तालुक्यातला, वय २४, पोलीस भरतीची तयारी करतोय. मागच्या वेळी ग्राउंड मस्त गेलं, लेखीत थोडक्यात राहिलो. आता परत फॉर्म भरलाय पण सराव पेपर सोडवायला घेतो आणि अर्धवट सोडून मोबाईल बघत बसतो. परत राहिलो तर गावात तोंड कसं दाखवू हेच डोक्यात. चौकात गेलं की आहेच, “काय भो, लागना का नंबर?” मित्राने स्टोइक लोकांचे (ते जुने ग्रीक-रोमन तत्त्वज्ञ) रील पाठवले, म्हणतो निकालाचा विचारच सोड. त्याने खरंच फरक पडतो का? की सरळ पुण्याला क्लास लावू?

उत्तर: अरे भाऊ, मोबाईल तर सगळ्यांच्याच हातात असतो, मला खटकला तो अर्धवट पेपर. पूर्ण सोडवून चाळीसच पडले तर ते खरे चाळीस, मग सांगायला कारण उरत नाही, म्हणून मध्येच उठायचं आणि उद्या राहिलो तर ‘तसा अभ्यासच नव्हता केला मी’ म्हणायची सोय करून ठेवायची. याला घरचे आळस म्हणत असतील, मला ती भीतीच वाटते. आणि ही सोय महाग पडते बरं, राहिल्याचं वाईट तर वाटतंच, वर आपण किती पाण्यात आहोत तेही कधी कळत नाही.

ते रील मला फारसे पटत नाहीत. दगडासारखा चेहरा करायचा आणि कशाचंच काही वाटून घ्यायचं नाही, असं स्टोइक म्हणतच नव्हते. नोकरी, पैसा, तब्येत या त्यांच्या लेखी मिळाल्या तर जरूर घ्याव्यात अशाच गोष्टी, फक्त नाही मिळाल्या म्हणून माणूस हलका ठरत नाही. सिसेरो नावाच्या रोमन लेखकाने त्यांचं म्हणणं सांगताना तिरंदाजाचा दाखला दिलाय, नीट नेम धरायला जे जे करता येतं ते सगळं करणं हे त्याचं काम, बाण लागणं पुढची गोष्ट. तू गोळा फेकतोस ना? पायाची ठेवण, खांदा, शेवटचा रेटा, एवढं तुझं. हातातून सुटला की गोळा काय तुझं ऐकत नाही, पण म्हणून ढिल्या हाताने फेकतोस का? लेखीत मात्र नेमकं तेच चाललंय. जागा किती, पेपर कसा येणार, कटऑफ कुठे थांबणार हे तुझ्या हातात नाही, ९० मिनिटं खुर्चीवरून न उठणं आहे.

चौकाचं म्हणशील तर एपिक्टेटसचं ऐक. हाही स्टोइकच, गुलामीतून वर आलेला, पायाने अधू, पुढे ग्रीसमध्ये निकोपोलिसला शिकवायचा. तो म्हणायचा, सार्वजनिक स्नानगृहात जायच्या आधीच आठव की तिथे कोणी पाणी उडवणार, कोणी धक्के मारणार, कोणी सामान चोरणार, आणि आपल्याला अंघोळही करायचीय आणि डोकंही ठिकाणावर ठेवायचंय. तसं चौकात निघतानाच धरून चाल की कोणीतरी विचारणार. “नाही लागला, परत देतोय,” एवढं बोलायचं आणि चहा प्यायचा.

रोमचा सेनेका, तोही स्टोइकच, तो तर सांगायचा की अधूनमधून काही दिवस जाडंभरडं खा, साधं नेस आणि स्वतःला विचार, यालाच घाबरत होतो का? (माणूस बक्कळ श्रीमंत, त्याला काय जातंय. आपल्याकडे कळण्याची भाकरी-ठेचा म्हणजे शिक्षा नाही, पार्टी असते.) प्रश्न मात्र कामाचा आहे. राहिलास तर नेमकं काय होईल ते कागदावर लिही, कोणत्या कामाला लागशील, घरी काय सांगशील, अजून किती भरत्या द्यायच्या. हे शेवटचं घरच्यांशी बोलून आत्ताच ठरवून टाक.

पुण्याला एवढ्यात नको जाऊ. खोली, मेस, क्लास यात पैसे जातील आणि पेपर तिथेही अर्धवटच राहील. आधी आहेस तिथेच घड्याळ लावून शंभर मार्कांचे पेपर शेवटपर्यंत सोडव, प्रत्येकाखाली लिही गणितात किती चुकले, व्याकरणात किती. गणितातच गाडी अडतेय असं दिसलं तर गणितापुरता क्लास बघ, तो धुळ्या-जळगावलाही मिळेल.