बदलीच्या पाळीवर, मुलांच्या निवासगृहात

घरापासून दूर, निवासगृहात राहणाऱ्या किशोरवयीन मुलांसोबत बदलीवर, म्हणजे कायमच्या कर्मचाऱ्याच्या जागी, काम करणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली आहेत. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : महिन्याला चार-पाच पाळ्या मिळतात, त्याही दर वेळी वेगळ्या घरात. पोचावं तर सगळे घाईत. चार्ज घेताना नेमकं काय विचारावं?

उत्तर : अर्धा तास आधी पोचा. (या अर्ध्या तासाचे पैसे मिळतात का, हे पाळीला होकार देतानाच विचारावं. आयत्या वेळी पाळी रद्द झाली तर काय, हेही.) आत्ता घरात कोण आहे, बाहेर कोण आहे आणि परतायची वेळ काय; कोणाचं औषध किती वाजता; अ‍ॅलर्जी कोणाला; कोणाच्या कोणत्या नातेवाइकाला भेट किंवा फोन बंद आहे; रात्री अडचण आली तर कोणाला उठवायचं. एवढं कळल्याशिवाय आधीच्या पाळीच्या माणसाला सोडू नका. चाव्या मोजून घ्या आणि मोजल्याची सही करा.

तोंडी चार्ज नेहमी अर्धवट असतो. सांगणारा दमलेला असतो आणि त्याच्या रोजच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी सांगायच्या राहून जातात. म्हणून मागच्या तीन दिवसांची रोजनिशी आणि प्रत्येक मुलाच्या काळजी-योजनेतलं (त्याची काळजी कशी घ्यायची याच्या लेखी आराखड्यातलं) जोखमीचं पान वाचूनच मुलांमध्ये जा. भेट-बंदीची यादी तर फोनजवळच ठेवा. फोन वाजतो, पलीकडून प्रेमळ आवाज विचारतो, “आहे का तो घरी?” नवा माणूस “हो, वर आहे” म्हणतो आणि मूल कुठे राहतं हे नको त्या माणसाला कळतं. उत्तर ठरलेलं हवं : “इथे कोण राहतं ते फोनवर सांगत नाही. नाव-नंबर द्या, निरोप पोचवते.”

प्रश्न : मुलं म्हणतात, “बाकीचे दादा तर बाराला झोपू देतात, तुम्हीच कडक.” हो म्हटलं तर नियम मोडतो, नाही म्हटलं तर भांडण.

उत्तर : ते तुम्हाला जोखत असतात, आणि त्यात गैर काही नाही. माणसं येतात नि जातात हे या मुलांनी खूप पाहिलेलं असतं. तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणू नका. “मी नवा आहे. वहीत बघतो आणि दहा मिनिटांत सांगतो,” म्हणा आणि बरोबर दहा मिनिटांनी परत या. उत्तर नाही असेल तरी परत येणं महत्त्वाचं. बदलीच्या माणसावरचा विश्वास अशाच किरकोळ गोष्टींतून बसतो. लाडका होण्यासाठी सूट द्याल, तर तिची किंमत दुसऱ्या दिवशी कायमचे कर्मचारी मोजतील.

आवाज चढलाच तर दोन हात लांब, जरा तिरके उभे राहा. दाराची वाट अडवू नका. बाकीच्या मुलांना सहकाऱ्याने दुसरीकडे न्यावं आणि चिडलेल्या मुलाशी एकानेच बोलावं, कमी शब्दांत. मुलाला धरून आवरण्याचं प्रशिक्षण नसेल तर तो प्रयत्न करायचा नाही. चुकीची पकड श्वास अडवू शकते. आणि मूल शांत दिसलं म्हणून लगेच “का केलंस?” विचारू नका. अंगातला ताण उतरायला कधी तासाहून जास्त वेळ लागतो. त्याआधीच्या चौकशीने दुसरा भडका उडतो.

प्रश्न : औषध देताना धाकधूक वाटते. चुका कुठे होतात?

उत्तर : बहुतेक चुका दोन जागी होतात : दोन मुलांची औषधं एकाच वेळी काढताना, आणि द्यायच्या आधीच औषधांच्या नोंदीच्या तक्त्यावर सही करताना. एका वेळी एकच मूल, एकच तक्ता. मुलाचं नाव, औषध, मात्रा, वेळ, द्यायची पद्धत आणि मुदत डब्यावर व तक्त्यावर जुळवा. दुसऱ्या कर्मचाऱ्यालाही बघू द्या. गोळी गिळल्यावरच सही करा. गालात धरून नंतर थुंकणं किंवा साठवणं ही या कामातली जुनी डोकेदुखी आहे, म्हणून पाणी पिऊन दोन शब्द बोलेपर्यंत थांबा.

मुलाने नकार दिला तर जबरदस्ती नको आणि जेवणात लपवून देणं तर नकोच. थोड्या वेळाने एकदा विचारा, तरी नाही म्हणाला तर तसं लिहा आणि योजनेत दिलेल्या डॉक्टरला किंवा औषधविक्रेत्याला विचारा. चुकलेल्या मात्रेची भरपाई म्हणून दुप्पट मात्रा कधीही देऊ नये. एकाग्रतेसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेटसारखं औषध वेगळ्या कुलुपात असतं. त्याची शिल्लक प्रत्येक चार्जला दोघांनी मोजायची : 28 होत्या, 1 दिली, उरल्या 27. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटू नयेत, कारण दिवसभराचा डोस एकदम सुटतो. पॅरासिटामॉल साधं वाटतं, पण आधीची मात्रा कधी दिली ते बघा : दोन मात्रांत किमान 4 तास आणि 24 तासांत जास्तीत जास्त 4 मात्रा. सकाळच्या पाळीची नोंद न वाचता दिलेली गोळी पाचवी ठरू शकते.

प्रश्न : एक मुलगी म्हणाली, “ताई, एक सांगते, पण कोणाला सांगायचं नाही.” काय म्हणावं?

उत्तर : आधी हेच : “ऐकते. पण तुझ्या सुरक्षिततेचं असेल तर एका जबाबदार माणसाला सांगावं लागेल, आणि कोणाला ते तुला आधी सांगेन.” काही मुलं इथेच थांबतात. तरी खोटं वचन देऊन ते मोडण्यापेक्षा हे बरं. बोलली तर तिच्या वेगाने बोलू द्या. “त्याने मारलं का?” असा प्रश्न उत्तर सुचवतो, “मग काय झालं?” एवढंच पुरे. तिला तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावू नका, जखमेचे फोटो काढू नका, आणि ज्याचं नाव आलं त्याला गाठू नका. बोलणं संपताच तिचेच शब्द, वेळेसह, लिहून सही करा आणि पाळी संपायच्या आत जबाबदार अधिकाऱ्याला कळवा. तातडीचा धोका असेल तर त्याच क्षणी.

प्रश्न : रोजनिशीत किती लिहावं?

उत्तर : दिसलं आणि ऐकलं तेवढं. “आज नाटकं चालली होती” हे निकामी वाक्य आहे. त्याऐवजी असं लिहा : “7.10 : फोन ठेवल्यावर ताट ढकललं, खोलीत गेला. 7.40 : दार वाजवलं, ‘एकटं सोडा’ म्हणाला. 8.15 : स्वतः खाली आला, जेवला.” पुढच्या पाळीला यातून फोननंतर काहीतरी बिनसल्याचं कळतं. चुकलेल्या शब्दावर एक सरळ रेघ मारून आद्याक्षरं घाला. पांढरी शाई लावू नका. मोठं झाल्यावर तो मुलगा ही पानं मागून वाचू शकतो, त्याच्या बालपणाचा तेवढाच कागद उरलेला असतो. शब्द त्या हिशेबाने निवडा.

प्रश्न : मुलांच्या खोलीत जाता येतं का? आणि नंबर मागितला तर?

उत्तर : दार वाजवा, नाव सांगा, थांबा. आत गेलात तर दार उघडं ठेवा आणि सहकाऱ्याला कळवा. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतलं 16 वं कलम खासगीपणाचा हक्क देतं, तो निवासगृहातल्या मुलालाही आहे. स्वतःचा नंबर द्यायचा नाही. “निवासगृहाच्या फोनवर निरोप ठेव, पुढच्या पाळीला बघेन,” म्हणा. पुढची पाळी ठरली नसेल तर तेही सांगा.