पत्रपेटी उघडायची भीती वाटते

परदेशी गेलेल्या लेकी-सुनांचा फोन आला की इकडच्या मंडळींना वाटतं, एकटेपणाचं रडगाणं असणार. पुष्कळदा निघतात ते कागद. पत्त्याची नोंदणी, रहिवासाचं कार्ड, विमा, कर. आणि त्यामागचा प्रश्न बहुतेकींचा सारखाच: "बाकीच्या सगळ्या निभावतात, मलाच का जमत नाही?"

मी समुपदेशन करते; निपाणीची एक मुलगी माझ्याकडे हेच विचारत आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बेळगावात एम.कॉम. केलेली, लग्नानंतर जर्मनीत. नवरा दिवसभर कंपनीत, त्यामुळे घरी येणारा प्रत्येक लिफाफा हिच्याच हातात. "काही सुधरंना झालंय मॅडम," म्हणाली, "पेटीत काही पांढरं दिसलं तरी पोटात गोळा येतोय."

जर्मनीतला सरकारी कारभार अजून बराचसा टपालावर चालतो. नव्या घरात गेलं की दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र आणायचं. पुढे 11 आकडी कर क्रमांक येतो, तोही टपालानेच. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं. हिच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, पेटीवर नवऱ्याचं. सुरुवातीची काही पत्रं अशीच परत गेली, एक तारीख हुकली, आणि तिथून तिने जो धसका घेतला तो घेतलाच. मग येणारं पत्र न उघडता सरळ ड्रॉवरमध्ये.

यात आळस कुठेच नव्हता. ड्रॉवर बंद झाला की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि मन तेवढंच शिकतं: न उघडणं बरं. पुढचं पत्र आणखी जड होतं. हे तिला समजावून सांगितलं, पण नुसत्या समजावण्याने ड्रॉवर उघडत नाही. म्हणून व्हिडिओवर बोलत असतानाच एक पत्र उघडायला सांगितलं. फक्त एक, आणि तिला सगळ्यांत कमी भीती वाटेल ते.

बराच वेळ लिफाफा हातात धरून बसली. फाडताना हात थरथरत होता. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर केलं, तर ते रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र निघालं. घरात टीव्ही असो-नसो, दर घरामागे महिन्याला 18.36 युरो भरावे लागतात. माणशी नव्हे, घरामागे. नवरा आधीच भरत होता. त्याचा क्रमांक कळवला की काम संपलं. "एवढंच?" म्हणाली, आणि हसायच्या ऐवजी रडायला लागली. मीही मध्ये बोलले नाही.

सगळीच पत्रं अशी निरुपद्रवी नसतात. पिवळ्या लिफाफ्यातलं पत्र, म्हणजे कोर्टाची किंवा सरकारी खात्याची रीतसर नोटीस, बाजूला टाकायचं नाही. पोस्टमन त्यावर तारीख लिहितो आणि मुदत तिथून मोजली जाते, म्हणून लिफाफासुद्धा जपायचा. ड्रॉवरमध्ये तसं एकही नव्हतं.

रात्री झोप उडायची ती मात्र रहिवासाच्या कार्डापायी. मुदत संपत आलेली, सरकारी कचेरीत भेटीची वेळ मिळत नव्हती, आणि ही रात्री दोन-दोन वाजेपर्यंत संकेतस्थळावर रिकामी वेळ शोधत बसायची. तिथला कायदा असा आहे, की जुनी मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज गेला, तर निर्णय होईपर्यंत जुनाच परवाना चालू धरला जातो आणि तसा दाखलाही मागता येतो. अर्ज वेळेत करणं तिच्या हातात. वेळ कधी मिळेल, हे तिच्या हातात नाही. या दोन गोष्टींची तिने मनात खिचडी करून ठेवली होती. अर्ज गेला आणि रात्रीचं शोधणं आम्ही ठरवून बंद केलं.

मदत मागायची मात्र तिला लाज वाटायची. "एम.कॉम. झालेली बाई साधं पत्र वाचायला दुसऱ्याकडे नेणार?" मी विचारलं, निपाणीत घरी कानडी नोटीस आली की काय करायचे? लगेच म्हणाली, "बाबा झेरॉक्सच्या दुकानात न्यायचे. तो वाचायचा आणि सांगायचा, काही नाही, घरफाळ्याचं आहे." बाबांना कमीपणा वाटायचा का? "छे!" म्हणाली, आणि स्वतःच गप्प झाली. आपल्या सीमाभागातली माणसं पिढ्यान्पिढ्या परक्या लिपीतले कागद असेच हाताळत आलीत. तिच्या शहरातही असा झेरॉक्सवाला होता: कारितास आणि डियाकोनीसारख्या संस्था स्थलांतरितांना मोफत सल्ला देतात, पत्रं समजावून सांगतात, अर्ज भरायला मदत करतात. पुढच्या आठवड्यात ती पिशवीत सगळा ड्रॉवर ओतून तिथे गेली.

आता पत्रांसाठी शनिवारी सकाळचा एक तास ठरलेला आहे, तोही नवऱ्यासोबत. आठवडाभर पेटीतलं पत्र आणायचं, पिवळं नसेल तर ट्रेमध्ये ठेवायचं आणि विसरायचं. फोनवर जर्मन बोलायचं काम त्याचं, फाइल लावायचं हिचं. एका सत्रात त्यालाही बसवलं. "तू घरीच असतेस ना" हे वाक्य त्याने किती सहज वापरलं होतं ते त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

राहिली आई. रोज संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पहिला प्रश्न, "कार्ड आलं काय गं?" माया असते, पण पोरीला तो रोजचा तगादा वाटतो. आईशीही बोलले. आता त्या जेवणाचं विचारतात, कार्डाची बातमी लेक आपण होऊन देईल असं ठरलंय. कार्ड अजून आलेलं नाही. दाखला आलाय, आणि तो लिफाफा तिने ज्या दिवशी आला त्याच दिवशी फोडला.