फोटो छान आहेत, आता मोजणी पाठव

तुझा मेल वाचला. साताऱ्याजवळच्या कास पठाराचे फोटो मस्तच आलेत, सीतेची आसवं या रानफुलाचा क्लोजअप तर खासच. पण खाली तू लिहिलंयस की इकॉलॉजी करायची म्हणून सध्या झाडापक्ष्यांची नावं पाठ करतेयस, तिथे मी जरा थबकलो. नावं लागतातच, त्यात वाद नाही, पण ती आली म्हणजे इकॉलॉजी आली असं नसतं गं. कोण कुठे राहतं, किती संख्येने राहतं आणि तिथेच का, पलीकडे का नाही, हा खरा प्रश्न. त्याच्या उत्तरात पाऊस, माती, कोण कोणाला खातं, गुरं, माणसं सगळंच येतं.

कासचंच घे ना. जांभ्यावर मातीचा पातळ थर, चार महिने पाणी साचलेलं आणि नंतर तापलेला कातळ. मातीत नायट्रोजन अगदी कमी, म्हणून तर तुझी ती सीतेची आसवं जमिनीखालच्या बारीक पिशव्यांमध्ये सूक्ष्म जीव पकडून खातात. आता बघ, 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या यादीतून कास जागतिक वारसा झालं, गर्दी वाढली, फुलं वाचवायला पठाराला जाळीचं कुंपण घातलं गेलं आणि मग काही वर्षांनी ओरड सुरू झाली की फुलं कमी झाली. गावकऱ्यांचं म्हणणं, पूर्वी गुरं चरायची, गवत आखूड राहायचं, आता गवत माजलं आणि छोटी फुलं दबली. शेवटी कुंपण काढलं.

पटण्यासारखं आहे ना? मलाही पटतं. पण पटणं वेगळं आणि कळणं वेगळं. त्याच काळात पर्यटकांचे पाय वाढले होते, पाऊसही दरवर्षी वेगळ्या वेळी येतो, मग फुलं नेमकी कशाने कमी झाली हे कसं सांगणार? त्यासाठी सारख्याच मातीच्या, सारख्याच उताराच्या जागांच्या जोड्या हव्यात, प्रत्येक जोडीत एक तुकडा कुंपणात आणि एक उघडा, अशा पुष्कळ जोड्या आणि काही वर्षं सलग मोजणी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुंपण घालायच्या आधीचे आकडे. ते नसतील तर नंतर कितीही हुशार माणूस येऊ दे, तो अंदाजच करणार.

असले प्रयोग जुनेच आहेत. 1963 पासून रॉबर्ट पेन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्याच्या खडकाळ किनाऱ्यावर एका पट्ट्यातले तारामासे उचलून समुद्रात फेकायला सुरुवात केली, शेजारचा पट्टा जसाच्या तसा ठेवला. तारामासे गेल्यावर शिंपल्यांनी सगळी जागा बळकावली आणि तिथल्या 15 जाती 8 वर आल्या. शेजारचा पट्टा नसता तर कोणीही म्हटलं असतं, समुद्रच बिघडला असेल.

तुला एवढं मोठं काही नको करायला. आणि कासला तर नकोच, तिथे वनखात्याची परवानगी आणि सीझनची गर्दी. तू म्हणालीस ना गावाकडे सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार आहे, अर्ध्यावर आंब्याची कलमं लागलीत आणि अर्धा तसाच आहे, अगं मग प्रश्न तुझ्या दारातच आहे की! सरकारी कागदावर हे सडे बहुतेक पडीक म्हणूनच असतात. डॉ. अपर्णा वाटवेंसारख्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं त्यावर फिरून दाखवून दिलं की तिथे केवढं जग आहे, त्यांचं काम शोधून वाच.

पीव्हीसी पाइपची 1 मीटर बाय 1 मीटरची चौकट बनव. ती कुठे ठेवायची ते घरी बसूनच नकाशावर रँडम आकडे काढून ठरव, कारण सड्यावर गेलीस की पाय आपोआप फुलांकडे वळतात आणि मग डेटा फुलांच्या बाजूने झुकतो. चौकटीत काहीच नसेल तर शून्य लिही. लोक शून्य लिहायचा कंटाळा करतात, आणि मग जिथे काही नव्हतं ती जागा आणि जिथे कोणी गेलंच नाही ती जागा, दोन्ही शीटवर सारख्याच कोऱ्या दिसतात. बेडूक किंवा पाली बघणार असशील तर एकदा दिसलं नाही म्हणजे नाही असं धरू नकोस, त्याच जागी परत परत जा, किती वेळा दिसलं आणि किती वेळा नाही यावरूनच खरा आकडा काढता येतो. दगड उलटलास तर होता तसा परत ठेव. आणि हात घालू नकोस प्लीज, काठी वापर, कोकणातल्या सड्यांवर फुरसं, म्हणजे तो छोटा विषारी साप, भरपूर.

तिथे गुरं चारणारे कोणी म्हातारे असतील तर त्यांच्याशी बोल. पूर्वी कुठे पाणी टिकायचं, वणवा कधी लागला, हे त्यांना माहीत असतं. ऐकलेलं वेगळ्या कॉलममध्ये लिही, मोजलेल्यात मिसळू नकोस.

स्टॅटिस्टिक्सची भीती वाटते म्हणालीस, ते आपण डेटा आला की एकत्र बसून करू, त्यासाठीचं आर (R) नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉपवर टाकून ठेव. एक मात्र सांगतो, टोपली कारवीचं झुडूप 7 वर्षांनी एकदा फुलतं आणि आपले प्रोजेक्ट दोन-तीन वर्षांत संपतात, तेव्हा शीट अशी ठेव की तुझ्यानंतर कोणालाही वाचता येईल. तारीख, जीपीएस, कोणी मोजलं, पाऊस होता का, सगळं.

पाऊस लागायच्या आधी एक फेरी मार, कोरडा सडाही मोजायचाय. रिकामी शीट बनवून मला पाठव, कॉलम बघून सांगतो.