एनएफएलसमोर नवी लीग टिकेल का? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: अमेरिकेत दर काही वर्षांनी कुणीतरी एनएफएल या सगळ्यात मोठ्या लीगसमोर अमेरिकन फुटबॉलची नवीन लीग काढतं आणि ती बुडते. तरी लोक पैसे का घालतात?

कारण एकदा हे जमलेलं आहे. लामार हंटने काढलेली एएफएल ही लीग १९६० ला सुरू झाली, १९६४ मध्ये एनबीसी या टीव्ही चॅनलशी पाच वर्षांचा ३.६ कोटी डॉलरचा करार झाला, त्या पैशाने चांगले खेळाडू घेता आले आणि १९६६ ला एनएफएलनेच विलीनीकरण मान्य केलं. प्रत्येक नवीन मालकाच्या डोळ्यासमोर तेच असतं. पण १९६० ला एनएफएलच्या जेमतेम १३ टीम होत्या, कितीतरी मोठी शहरं मोकळी होती, आज ३२ आहेत. ते दिवस गेले.

प्रश्न: एएएफ ही नवी लीग २०१९ मध्ये आठच आठवड्यांत बंद झाली. एवढ्या लवकर पैसा संपतो कसा?

खर्च पहिल्या दिवसापासून पूर्ण असतो हो. खेळाडू, कोच, विमानं, हॉटेल, स्टेडियमचं भाडं, आणि या खेळात दुखापती इतक्या की इन्शुरन्सच केवढा होतो. उत्पन्न मात्र सवयीवर चालतं आणि प्रेक्षकाला सवय लागायला वर्षं जातात. २००१ च्या एक्सएफएल लीगचं बघा, पहिल्या रात्री टीव्हीवर तुफान गर्दी, मग रेटिंग घसरतच गेलं आणि एका सीझनमध्ये खेळ खल्लास. एएएफमध्ये टॉम डंडन या गुंतवणूकदाराने २५ कोटी डॉलर देईन म्हणून सांगितलं आणि सीझन पूर्ण व्हायच्या आधीच हात आखडता घेतला. काही खेळाडूंना घरी जायचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागलं, हे मला आजही सहन होत नाही. ज्याच्याकडे चार-पाच वर्षं तोटा सोसायची तयारी नाही त्याने लीग काढूच नये.

प्रश्न: १९८० च्या दशकातली जुनी यूएसएफएल लीग एनएफएलविरुद्ध कोर्टात जिंकली होती ना?

जिंकली, आणि भरपाई मिळाली १ डॉलर, कायद्याने तिप्पट करून ३. एनएफएलची मक्तेदारी ज्युरीने मान्य केली, पण स्प्रिंगमध्ये बरं चाललेलं सोडून १९८६ पासून थेट एनएफएलच्या सीझनमध्ये उतरायचं ठरवलं होतं, तिथेच घात झाला.

प्रश्न: मग आत्ताची यूएफएल?

जुन्याच नावांनी पुन्हा निघालेल्या यूएसएफएल आणि एक्सएफएल एकत्र येऊन २०२४ ला ही सुरू झाली, ८ टीम. टिकेल असं मला मनापासून वाटतं, कारण फॉक्स चॅनल स्वतःच मालकांपैकी एक आहे आणि स्प्रिंगच्या वीकेंडला त्यांना लाइव्ह खेळ दाखवायला हवाच असतो. पण टिकणं वेगळं आणि नफा वेगळा. मालक नसलेलं चॅनल जोपर्यंत हक्कांसाठी रोख मोजत नाही तोपर्यंत नफा विसरा. तिकीटविक्रीवर भागणार नाही. सेंट लुईसमध्ये गर्दी होते, रॅम्स ही टीम गेल्यापासून त्या शहराला स्वतःची एनएफएल टीम नाही म्हणून, पण बाकी बऱ्याच ठिकाणी स्टँड रिकामे दिसतात. माझं विचाराल तर एनएफएलने सोडलेली किंवा कधी न घेतलेली शहरंच धरावीत, मोठ्या शहरांचा मोह नको.

प्रश्न: चांगले खेळाडू एनएफएलमध्ये निघून जातात, मग बघायचं कुणाला?

जाऊ देत की! टर्पिन हा खेळाडू २०२२ ला नव्या यूएसएफएलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू झाला आणि त्याच वर्षी एनएफएलच्या काउबॉइजकडे गेला, किकर जेक बेट्स यूएफएलच्या मिशिगन पँथर्सकडून थेट एनएफएलच्या डेट्रॉइट लायन्समध्ये. ज्याला आधी कुणी विचारत नव्हतं त्याला इथे आधी बघितलेलं असतं, म्हणूनच मी दर शनिवारी बघते.