एका शेतकऱ्याचा प्रश्न आला: एकाच कुटुंबानं पिढ्यानपिढ्या चालवलेलं अम्युझमेंट पार्क जगात कुठं आहे का? आमचं पाच एकर वावर रोडला लागून, नाल्याकाठी आहे. तिथं असं काही चालेल का?

उत्तर देण्याआधी माझं सांगतो. आमचा धंदा यात्रेतल्या झुल्यांचा. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या मंडया (गावजत्रा), मग अमरावती जिल्ह्यातली बहिरमची यात्रा, महाशिवरात्रीला गडचिरोलीतलं मार्कंडा, आणि मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आत सामान घरी. तेव्हा हे उत्तर झुलेवाल्याच्या नजरेतून आहे, तेवढं धरून चाला.

असं पार्क आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात, एलिसबर्ग गावाजवळ. कुटुंबाचं आडनाव कनोबल आणि त्यावरूनच पार्कचं नाव कनोबल्स. १९२६ साली सुरू झालं, आजही त्याच घराण्याकडे आहे. तुमच्यासाठी मी मुद्दाम हेच निवडलं, कारण त्यांचीही सुरुवात शेतीतूनच झाली.

कुटुंब शेती करायचं आणि लाकूड कापायचं. जमीन झाडीची, दोन ओढ्यांच्या काठची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आसपासचे लोक सुट्टीच्या दिवशी घोडागाड्या जुंपून तिथं डुंबायला, डबा खायला येऊ लागले. दुसरा कोणी असता तर कुंपण घातलं असतं. या मालकानं काय केलं, तर २५ सेंट घेऊन लोकांच्या घोड्यांना दाणापाणी आणि खरारा करून द्यायला सुरुवात केली. मला तर हा माणूस इथंच आवडला. पुढे उन्हाळ्यात राहणाऱ्यांना लहान घरांसाठी जागा भाड्यानं दिल्या, खाण्यापिण्याची सोय केली. ४ जुलै १९२६ ला पोहण्याचा तलाव सुरू झाला, सोबत एक हॉटेल आणि घोड्यांचं मेरी-गो-राउंड. म्हणजे आधी माणसं आली, पाळणे मागाहून आले. आपल्याकडे लोक नेमकं उलटं करतात. कर्ज काढून झुले आणतात आणि मग गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतात.

दुसरी गोष्ट, तिथं आत जायला पैसे लागत नाहीत. गाडी लावायलाही नाही. ज्या झुल्यावर बसायचं त्याचं तिकीट काढायचं, म्हणजे आपल्या यात्रेसारखंच. आजी-आजोबा नुसते सावलीत बसतात, पोट्टे झुल्यावर जातात आणि जेवण सगळ्यांचं होतं. बहिरमला या, तुम्हाला दिसेल. हंडीचं मटण आणि कणकेच्या भाजलेल्या रोडग्यांपुढे आमच्या आकाशपाळण्याची रांग काहीच नाही. गेटवर माणशी तिकीट लावलं की सहा जणांच्या घरातले दोघंच आत येतात.

आता माझ्या आवडीची गोष्ट. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात प्लेलँड नावाचं पार्क होतं. ते १९८० साली बंद पडलं आणि तिथला १९४७ साली उभारलेला लाकडी रोलर कोस्टर तसाच उभा राहिला. कनोबल्सवाल्यांनी तो विकत घेतला, फळी-फळी सोडवली, प्रत्येक तुकड्यावर खूण घातली, ट्रकांवर लादून देशाच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि १९८५ ला 'फिनिक्स' नावानं पुन्हा उभा केला. आज तो जगातल्या उत्तम लाकडी कोस्टरांत गणला जातो. आम्ही झुला उतरवतो तेव्हाही प्रत्येक आऱ्यावर ऑइल पेंटनं आकडा असतो आणि नटबोल्ट त्याच आकड्याच्या पोत्यात जातात. एक आकडा पुसला गेला तर पुढच्या गावात अर्धी रात्र तिथंच जाते. त्यामुळे अख्खा कोस्टर असा हलवणं काय काम असेल याचा अंदाज मला येतो. लाकूडकाम घरचंच होतं, त्याचाही उपयोग झाला असेल. त्यांच्या मोठ्या मेरी-गो-राउंडवर ६३ लाकडी घोडे आहेत. तेही १९१३ चं आणि दुसरीकडून विकत आणलेलं. फिरता फिरता हात लांबवून बाजूला लावलेली कडी ओढायची, पितळेची हाती लागली तर पुढची फेरी फुकट.

पण ओढ्याकाठच्या जमिनीची किंमतही त्यांनी मोजली. १९७२ च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पावसात पार्क पाण्याखाली गेलं. २०११ च्या सप्टेंबरात पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा गाळ उपसून उभे राहिले.

आता तुमच्या वावराचं. त्यांचा धंदा उन्हाळ्यात चालतो, आपला उन्हाळ्यात मरतो. एप्रिल-मे मध्ये दुपारी आपल्याकडे लोखंडी पाळण्याला हात लावून पाहा, मी काय म्हणतो ते समजेल. म्हणून पहिला पैसा झाडांत घाला. कडुनिंब, करंज, जे लवकर सावली देईल ते. वावर मोडू नका, दोन एकर बाजूला काढा. नाल्याचा सगळ्यात मोठा पूर कुठवर आला होता ते गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि मोटर, पॅनल, जनरेटर त्या खुणेच्या वर ठेवा. झुला पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. महाशिवरात्रीच्या यात्रा आटोपल्या की आमच्यासारख्यांचे झुले बरेचदा रिकामे असतात. संध्याकाळपुरते भाड्यानं लावून एक सीझन काढा, आणि चहा-नाश्त्याचा गल्ला मात्र घरच्याच माणसाच्या हाती ठेवा.